एसएसडी घातली की गेम पळतो का? खर्च करण्याआधी मशीनलाच विचारा

गेल्या पावसाळ्यात खानापूरकडचा एक पोरगा संततधारेत आमच्या दारात उभा राहिला. लॅपटॉप दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेला, स्वतः मात्र नखशिखांत भिजलेला. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. टॉवेल दिला, चहा दिला. कप तोंडाला लावायच्या आधीच म्हणाला, "काका, एसएसडी घालून द्या की ओ. गेम लई अडकूलालाय."

"अडकतो म्हणजे नेमकं काय होतं?"

तो जरा विचारात पडला. "अडकतो म्हणजे... अडकतोच की."

फोन निपाणीहून येऊ दे, संकेश्वरहून किंवा इथल्याच बेळगावातल्या वडगावातून, बोलणं इथूनच सुरू होतं. मी दुकानदार नाही. रविवारी ओळखीपाळखीच्यांची मशीनं उघडून बसतो एवढंच. त्यामुळं एसएसडी विकली गेली काय नि न गेली काय, मला फरक पडत नाही. तुमच्या पैशाला मात्र पडतो.

आधी उत्तर देऊन टाकतो. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरणाऱ्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) घातली की गेम लवकर उघडतो, मॅप लवकर येतो आणि खेळताना बसणारे काही झटके जातात. पण सेकंदाला किती फ्रेम दिसतात तो आकडा, म्हणजे एफपीएस, जवळपास होता तिथंच राहतो. ज्याला तीस फ्रेमच्या साठ करायच्या आहेत त्यानं एसएसडीवर पैसे घालू नयेत. ज्याचा जीव लोडिंगच्या पट्टीकडं बघून जातोय त्यानं जरूर घालावेत. मग आपला नंबर कुठल्या रांगेत, हे कसं ओळखायचं? बाकी सगळा लेख त्यासाठीच आहे.

पहिलं काम: 'अडकतो' याची फोड

दोन दिवस खेळताना शेजारी वही ठेवा आणि गेम कधी, कुठं, किती वेळ अडकला ते लिहा. पोरं हसतात, पण निम्मं निदान त्या पानावरच होतं.

गेम उघडायलाच वेळ लागतो, बाकीचे खेळाडू मैदानात उतरून पळायला लागले आणि तुम्ही अजून पट्टी भरायची वाट बघताय, असं असेल तर तो बहुतेक वेळा डिस्कचा आजार.

एरवी नीट चालतो, पण गाडी जोरात हाणली किंवा नव्या भागात शिरलं की चित्र क्षणभर थिजतं. भिंती आणि रस्ते आधी मेणासारखे गुळगुळीत दिसतात आणि मग सावकाश त्यांच्यावर विटा-खडी उमटते. इथं संशय डिस्कवर किंवा रॅमवर, म्हणजे चालू कामाच्या तात्पुरत्या मेमरीवर.

पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सारखाच संथ, आणि सेटिंगमध्ये ग्राफिक्स खाली आणलं की सुधारतो? मग ग्राफिक्स कार्डाची, म्हणजे चित्र काढणाऱ्या भागाची, ताकद संपली. एसएसडी इथं काहीही करू शकत नाही.

पहिली पंधरा-वीस मिनिटं झकास आणि नंतर पंखा ओरडायला लागला की फ्रेम कोसळतात, हा उष्णतेचा प्रकार. लॅपटॉप उघडून पंख्यातली धूळ काढा. आमच्या उद्यमबागेच्या बाजूला राहणाऱ्या एकाच्या पंख्यातून मी काळ्या धुळीचा अक्षरशः थर सोलून काढलाय. तेवढ्यावरच त्याचं काम भागलं, खर्च शून्य.

आणि गोळी लागूनही समोरचा पडत नाही, माणसं इथून तिथं उड्या मारत दिसतात, तर ते इंटरनेट. पावसाळ्यात त्याला कोण काय करणार!

चरक, यार्ड आणि ट्रॅक्टर

हे आतून कसं चालतं ते आपल्याकडं समजवायला साखर कारखाना पुरतो. गळीत हंगामात रोज किती टन ऊस गाळायचा हे चरकाच्या ताकदीवर ठरतं. ट्रॅक्टरवाल्यानं गाणी लावून कितीही जोरात ट्रॉली आणली तरी चरक त्याच्या चालीनंच गाळणार. ट्रॉल्या यार्डात रांगेत उभ्या. पण पावसानं शेतातली वाट बंद झाली, ऊसच आला नाही, तर तोच चरक रिकामा थांबतो.

कॉम्प्युटरमध्ये चरक म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, यार्ड म्हणजे रॅम, आणि ट्रॅक्टर म्हणजे डिस्क. रस्ते, झाडं, माणसं, बंदुका असा माल एकदा रॅममध्ये आणि ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत येऊन पडला की फ्रेम तिथूनच तयार होतात. त्या वेळी डिस्ककडं कोणी बघतसुद्धा नाही. म्हणून ट्रॅक्टर बदलून एफपीएस वाढत नाही. मात्र मोठ्या मोकळ्या जगाच्या गेममध्ये माल सारखा आणावा लागतो, आणि ट्रॅक्टर मागं पडला की चरक क्षणभर रिकामा फिरतो. तुम्हाला बसतो तो झटका हाच.

आता थोडे आकडे. लॅपटॉपमधली ५४०० आरपीएमची (मिनिटाला तेवढे फेरे घेणारी) हार्ड डिस्क मोठी फाइल सलग वाचताना सेकंदाला साधारण १०० एमबी देते. साटा, म्हणजे जुन्या जोडणीची एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते. एनव्हीएमई ही पीसीआयई नावाच्या वेगवान जोडणीची एसएसडी: पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीची ३५०० एमबीच्या आसपास, चौथ्या पिढीची ७००० एमबीच्या घरात. दुकानात हेच आकडे तोंडावर मारले जातात. खरी गंमत मात्र दुसऱ्या आकड्यात आहे. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरते आणि वाचणारा दांडा तिच्यावर सरकतो. एक तुकडा शोधायला १० ते १५ मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारं काही नाही, तिथं हेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होतं. साठ एफपीएसवर एका फ्रेमच्या वाट्याला येतात जेमतेम १६.७ मिलिसेकंद. गेम आपला माल शक्यतो आधी मागवून ठेवतो, पण मागण्या साचल्या आणि दांडा चार जागी नाचला की कुठं पाणी मुरतं ते दिसलंच.

यातून आणखी एक गोष्ट निघते. हार्ड डिस्कवरून कुठल्याही एसएसडीवर आलात की फरक डोळ्यात भरतो. साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर कागदावर सहापट वेग, पण गेम उघडायला बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांचाच फरक. कारण वाचलेला माल उलगडून मांडायचं काम प्रोसेसरचं असतं आणि तो आपल्या चालीनं चालतो. जीटीए ऑनलाइन आठवतो? त्याचं लोडिंग कित्येक वर्षं बदनाम होतं. लोकांनी डिस्क बदलल्या, तरी मिनिटं संपेनात. २०२१ मध्ये एका खटपट्या माणसानं आत डोकावून पाहिलं, तर गेम १० एमबीची ६३ हजार नोंदींची एक यादी फार अडाणी पद्धतीनं वाचत होता. प्रोसेसरचा एकच कोअर (त्याच्या आतल्या कामगारांपैकी एक) घाम गाळत बसलेला. त्यानं ती गाठ सोडवली आणि त्याच्या मशीनवर लोडिंगचा सुमारे ७० टक्के वेळ वाचला. पुढं त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीनंही गेममध्ये ती दुरुस्ती केली. ही दुरुस्ती जगातल्या कुठल्याही एसएसडीला जमली नसती.

विंडोजमध्ये डायरेक्टस्टोरेज नावाची सोय २०२२ पासून गेम बनवणाऱ्यांना मिळाली आहे. तिच्यामुळं एनव्हीएमईचा वेग जास्त वापरता येतो, पण ती वापरणारे गेम अजून मोजकेच. त्यासाठी आज जास्तीचे पैसे मोजू नका.

दुसरं काम: टास्क मॅनेजरमध्ये झटका पकडा

लॅपटॉपला चार्जर लावा. बॅटरीवर खेळून "गेम अडकतो" म्हणणारे मी डझनावारी पाहिलेत. बॅटरीवर मशीन मुद्दाम हळू चालतं.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. डिस्कच्या नावाखाली एचडीडी की एसएसडी ते लिहिलेलं असतं. तिथं आधीच एसएसडी दिसली तर अर्धा लेख तुमच्यासाठी संपला. मग मेमरीवर टिचकी मारा: एकूण रॅम किती आणि किती स्लॉट भरलेत ते कळेल. वहीत लिहा.

आता टास्क मॅनेजर तसाच उघडा ठेवून गेम सुरू करा आणि नेहमी जिथं अडकतो तिथं जा. झटका बसला की लगेच आल्ट-टॅब करून टास्क मॅनेजरवर या. तिथले आलेख मागच्या ६० सेकंदांचे असतात, त्यामुळं चोर पळून गेला तरी पावलं दिसतात.

झटक्याच्या वेळी डिस्क १०० टक्क्यांना टेकलेली आणि मेमरीत जागा शिल्लक असेल, तर एसएसडीचा उपयोग होणार. ग्राफिक्स सतत ९५-१०० टक्के आणि डिस्क शांत झोपलेली असेल, तर नाही. प्रोसेसरच्या आलेखात कोअर वेगवेगळे करून बघा; त्यातला एखादाच शंभरावर आणि ग्राफिक्स निम्म्यावर असेल तर अडचण प्रोसेसरची.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे मेमरी ९० टक्क्यांच्या वर आणि डिस्कही शंभरावर. यार्ड भरलं, म्हणून विंडोज रॅममधला माल डिस्कवर उतरवून ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. हार्ड डिस्कवर हा उतार-चढाव म्हणजे नरक. एसएसडी घातली की तो बराच सुसह्य होतो, आणि मग माणूस छाती ठोकून सांगतो, "माझा एफपीएस वाढला!" तो खोटं बोलत नसतो. त्याला गरज होती रॅमची, हाताला लागली एसएसडी, आणि तेवढ्यात भागलं. त्यातच एसएसडीबरोबर विंडोज नव्यानं टाकलेली असते, पाच वर्षांचा कचरा साफ झालेला असतो. त्याचंही श्रेय एसएसडीच खाते.

रॅमची आठ जीबीची एकच पट्टी आणि शेजारचा स्लॉट रिकामा असेल, त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, तर आधी तशीच दुसरी पट्टी घ्या. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच उसनी घेऊन काम करतं. दोन पट्ट्या झाल्या की त्याला रस्ता दुप्पट रुंद मिळतो. इथं एफपीएस खरोखर वाढतो, एसएसडीनं कधी वाढला नसता तेवढा. जुनी पट्टी डीडीआर३, ४ की ५ ते बघून घ्या. एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

खर्चाआधी फुकटात करून बघायची एक चाचणीही आहे. मित्राकडं यूएसबीला लावायची एसएसडी असेल तर एका संध्याकाळपुरती मागून आणा. स्टीमच्या (गेम विकत घ्यायच्या आणि चालवायच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगमध्ये स्टोरेजमध्ये जाऊन तो एकच गेम तिच्यावर हलवा आणि खेळा. झटके गेले तर गेले. तसेच राहिले तर एक कुंदा घेऊन जाऊन मित्राची वस्तू परत करा. एसएसडीपेक्षा स्वस्तात सुटलात.

अपवाद एकच. हार्ड डिस्क टक टक आवाज करत असेल, किंवा क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये तिच्या तब्येतीपुढं इशारा दिसत असेल, तर चाचणी राहू द्या. आजच्या आज कॉलेजचं काम आणि फोटो दुसरीकडं काढा.

काही नव्या गेमना तर हा प्रश्नच उरलेला नाही. २०२३ मध्ये आलेल्या स्टारफील्ड आणि बाल्डर्स गेट ३ च्या किमान गरजांमध्येच एसएसडी लिहिलेली आहे. सायबरपंक २०७७ नंही त्याच वर्षीच्या मोठ्या बदलानंतर हार्ड डिस्कचं नाव काढून टाकलं. व्हॅलोरंट खेळणाऱ्याला मात्र एसएसडीनं आत लवकर जायला मिळेल, नेम तोच राहील.

तिसरं काम: आपल्या मशीनमध्ये काय बसतं?

लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथं. मीही चुकलोय, म्हणून जरा सविस्तर.

एसएसडी दोन आकारांत येते. एक जुन्या लॅपटॉप डिस्कच्या मापाची, अडीच इंची चपटी डबी. ती साटाच असते. दुसरी च्युइंगमच्या पट्टीसारखी, तिला एम डॉट टू म्हणतात. बहुतेक पट्ट्यांवर २२८० असं माप असतं: २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. काही लॅपटॉपमध्ये आखूड २२४२ च बसते.

घोटाळा असा की एम डॉट टू हे नुसतं आकाराचं नाव आहे. त्या पट्टीच्या आत साटाही असू शकते आणि एनव्हीएमईही, आणि दोघी बाहेरून बहिणी-बहिणी दिसतात. माझ्या जुन्या लॅपटॉपला फक्त साटाची एम डॉट टू चालत होती. मी दुकानात "एम डॉट टू द्या" म्हणालो, त्यांनी एनव्हीएमई दिली, मी कौतुकानं घरी आणली. तिच्या टोकाला एकच खाच. माझ्या खोबणीतली आडकाठी दुसऱ्या बाजूला. बसेच ना. आणि मी, कबूल करतो, जरा जोर लावून पाहिला! नशीब, काही मोडलं नाही. पाकीट फोडलेलं म्हणून दुकानानं परत घेतली नाही. ती आज भाच्याच्या मशीनमध्ये आहे.

म्हणून लॅपटॉपच्या पाठीवरचा पूर्ण मॉडेल नंबर वहीत लिहा, कंपनीच्या साइटवर त्याचं मॅन्युअल शोधा आणि तीन गोष्टी बघा: एम डॉट टूची खोबण आहे का, ती साटाची की एनव्हीएमईची, आणि माप कोणतं. २०१८ ते २०२० च्या सुमारास विकलेल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एक टीबीची हार्ड डिस्क आणि शेजारी एम डॉट टूची रिकामी खोबण असायची. तसं असेल तर लॉटरीच: एसएसडीवर विंडोज आणि गेम, हार्ड डिस्कवर बाकीचा पसारा. डेस्कटॉपवाल्यांनी मदरबोर्डाच्या मॅन्युअलमध्ये एवढंच बघावं की एम डॉट टू लावल्यावर एखादा साटा पोर्ट बंद होतो का. काही बोर्डांवर होतो, आणि मग माणूस जुनी डिस्क गेली म्हणून रडत बसतो.

पीसीआयई ४ ची एसएसडी पीसीआयई ३ च्या खोबणीत चालते, फक्त ३ च्या वेगानं. भावात फरक असेल तर ३ ची घ्या.

चौथं काम: खरेदी

५०० जीबी ही आज खालची मर्यादा समजा. बाल्डर्स गेट ३ एकटाच १५० जीबी मागतो. परवडत असेल तर एक टीबी. विंडोजमध्ये ५०० चे ४६५ आणि एक टीबीचे ९३१ दिसतील. दुकानदारानं फसवलं नाही, कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

आतल्या मेमरीचे टीएलसी आणि क्यूएलसी असे दोन प्रकार ऐकू येतील. क्यूएलसी स्वस्त असते, पण मोठी कॉपी करताना आणि भरत आली की धापा टाकते. गेम खेळणं म्हणजे मुख्यतः वाचणं, त्यामुळं चालून जाते. भावात थोडाच फरक असेल तर टीएलसी.

बेळगावात घ्यावी, कोल्हापुरातून आणावी की ऑनलाइन मागवावी? भाव तीनही ठिकाणी विचारा. पण त्याबरोबर हेही विचारा की बिघडली तर द्यायची कुठं: इथंच, हुबळीला, की थेट बंगळूरला पाठवायची. सीमेचा त्रास आपल्याला आहे, वॉरंटीला सहसा नसतो. कोल्हापूरच्या बिलावरही चालते, पण बिल पाहिजे. पक्कं बिल, आणि त्यावर सिरियल नंबर. "बिल नको म्हटलं तर कमी करतो" या वाक्याला फशी पडू नका, कारण एसएसडी जाते तेव्हा न सांगता जाते.

ओळखीच्या कंपनीच्या निम्म्या भावात दोन टीबी मिळत असेल तर ती बनावट समजायची. अशा डबीत लहानशी मेमरी बसवून विंडोजला मोठा आकडा दाखवलेला असतो. खरी जागा संपली की पुढच्या फाइली जातात पाण्यात. संशय आला तर एचटूटेस्टडब्ल्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम ती पूर्ण भरून परत वाचून बघतो. वेळ खातो, पण दूध का दूध होतं. परत करायची मुदत संपायच्या आत करा.

पाचवं काम: बसवणं

आधी बॅकअप. मग विंडोजच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप, चालू आहे का बघा. चालू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. ही पायरी गाळलेला एक जण मध्यरात्री मला निळ्या पडद्याचे फोटो पाठवत होता.

क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करावा की विंडोज नव्यानं टाकावी? माझं मत नव्यानं. चार वर्षांची घाण नव्या घरात कशाला न्यायची? क्लोनच करायचा असेल तर बऱ्याच एसएसडी कंपन्या त्यासाठीचा प्रोग्रॅम फुकट देतात. नवी विंडोज टाकताना पेनड्राइव्ह यूईएफआय (मशीन सुरू व्हायच्या नव्या) पद्धतीनं सुरू करा आणि डिस्क जीपीटीच (भाग आखायच्या नव्या पद्धतीचीच) ठेवा. जुन्या लेगसी पद्धतीनं टाकलीत तर विंडोज ११ वर व्हॅलोरंट सुरूच होणार नाही. त्याला सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी लागतात. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली आहेत, तेव्हा मशीन चालवत असेल तर ११ च टाका.

मशीन पूर्ण बंद, चार्जर काढलेला. टेबलावर पांढरा कागद. त्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि जो स्क्रू जिथून काढला तिथंच चित्रावर ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते. खटके उघडायला जुनं एटीएम कार्ड, स्क्रू ड्रायव्हर नव्हे. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीची वायर सोडवा. एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावून अंगातली वीज उतरवा.

पट्टी साधारण तीस अंशात तिरकी धरून खोबणीत सरकवा. खाच जुळली की ती सहज जाते. जोर लावावा लागला तर थांबा आणि वरची माझी गोष्ट आठवा. मोकळं टोक खाली दाबा आणि स्क्रू लावा. हा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा असतो आणि बऱ्याच एसएसडींबरोबर मिळतच नाही. रिकाम्या खोबणीशेजारी तो आहे का हे झाकण उघडल्या उघडल्या बघा. त्या खानापूरच्या पोराचा स्क्रू माझ्या हातून निसटला आणि आम्ही दोघं अर्धा तास मोबाइलच्या उजेडात फरशीवर पालथे. लाइट पण तेव्हाच जायची होती. शेवटी सापडला तो त्याच्या ओल्या पिशवीच्या घडीत.

अडीच इंची डबीचं काम सोपं: जुनी काढा, तिची चौकट नवीला चढवा, सरकवा.

सुरू केल्यावर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) दिसते पण माय कॉम्प्युटरमध्ये नाही? घाबरू नका, नव्या पट्टीवर अजून रेघा मारलेल्या नाहीत. डिस्क मॅनेजमेंट उघडून जीपीटी निवडा आणि नवा व्हॉल्यूम बनवा. कुठल्या डिस्कवर टिचकी मारताय ते आकारावरून दोनदा बघा. विंडोज टाकतानाच डिस्क दिसत नसेल आणि मशीन इंटेलच्या अकराव्या पिढीचं किंवा पुढचं असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन तिथंच लोड करावा लागतो. बायोसमध्येही नसेल तर पट्टी नीट बसलेली नाही. काढा, परत बसवा.

नंतरची काळजी

खेळता तो गेम एसएसडीवर, बाकीचे जुन्या डिस्कवर. साधारण १५ टक्के जागा मोकळी ठेवा. एसएसडीला बाहेरचे डिफ्रॅगचे (फाइलींचे विखुरलेले तुकडे जोडायचे) प्रोग्रॅम लावू नका. विंडोज स्वतःच तिला ट्रिम नावाची साफसफाई देतं. डेस्कटॉपला यूपीएस लावा, करंट गेल्यावर अर्धवट लिहिलेली फाइल एसएसडीतही बिघडते.

खानापूरच्या पोराचं काय झालं? त्याच्या आलेखात डिस्क शंभरावर, मेमरीत जागा, ग्राफिक्स निम्म्यावर थांबलेलं. खोबण रिकामी होती, एनव्हीएमई बसली. आधी तो गेम सुरू करून आत जाऊन चहा घेऊन यायचा, तरी मॅप यायचाच असायचा. आता बूड टेकायच्या आत येतो. रस्त्यावरचे झटके गेले. कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा मात्र तीस-पस्तीसच, आणि त्यानं आठवड्यानं फोन करून तेही प्रामाणिकपणे सांगितलं.

ज्यांच्या लॅपटॉपमध्ये एकच जागा असते त्यांची जुनी डिस्क बाहेर निघते. ती भंगारात देऊ नका. पुसलेला डेटासुद्धा परत काढता येतो. अडीच इंची डिस्कसाठी यूएसबीचं केसिंग मिळतं, त्यात घाला आणि कोरडी ठेवा. आपल्याकडच्या पावसात कपाटाच्या खालच्या खणाला बुरशी येते, तेव्हा वरच्या. अधूनमधून लावून बघत जा. माझीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे: "घरचे फोटो, शेताच्या पहाणीचा उतारा, पोरांची मार्क्सकार्डं."